बारापर्यंतची गणती आणि मण्यांची ओळ

आलापल्लीहून भामरागडकडे निघाले की दवाखाने विरळ होत जातात आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच तुटते. अशा वेळी खोकणारे मूल धापा टाकू लागले, तर साधी सर्दी की न्यूमोनिया, हे गावातच ओळखावे लागते. खूण सोपी आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० वा अधिक, एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले तर धोका समजावा.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातील दाईंना हे निदान शिकवायला घेतले. अडचण अशी की दाई बहुधा निरक्षर, त्यांची गणती बाराच्या आसपास थांबे. ‘यांना साठपर्यंत मोजायला कसे शिकवावे?’ हा प्रश्न आपल्याला सरळ वाटतो. तो सोडून ‘दहाच्या पुढे न मोजता कसे भागेल?’ असा प्रश्न घेतला, की वाट दिसते. श्वासमापक तसाच बनला : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया.

मानसशास्त्रात याला मर्मदृष्टी म्हणतात. कोहलर या जर्मन शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात टेनेरिफ बेटावर चिंपांझींचा अभ्यास केला. त्यातल्या सुलतानने दोन आखूड काठ्या एकमेकींत खुपसून लांबचे केळे ओढले. काठ्या त्याच होत्या, त्यांच्याकडे पाहणे बदलले. १९८७ साली जॅनेट मेटकाफ यांच्या प्रयोगात असे दिसले की नेहमीचे गणित सोडवताना उत्तर जवळ आल्याचे माणसाला आधीच जाणवते. मर्मदृष्टीच्या कोड्यात मात्र जवळजवळ शेवटपर्यंत काहीच जाणवत नाही. म्हणून डोके चालेनासे झाले की काम थोडा वेळ बाजूला ठेवणे हा आळस नव्हे. तेवढ्यात चुकीची मांडणी सैल पडते. माझ्या मते शिकलेल्यांना हे जड जाते. साठपर्यंत मोजणे आपल्याला इतके सवयीचे असते, की त्यावाचून चालेल हे ध्यानातच येत नाही.

पण सुचलेले उत्तर बरोबर असतेच असे नाही. श्वासमापकही दाईंच्या हाती देऊन, त्यांचे निदान पडताळून पाहण्यात आले होते.

घरी श्वास मोजताना मूल रडत वा दूध पीत नसावे. अंगावरचे कपडे वर करून छाती-पोटाची हालचाल पाहावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर मोजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.