खारीचा वाटा

मी कॉलेजात मराठी शिकवतो. संगणकाच्या आज्ञावलीची एक ओळही मला लिहिता येत नाही. अशा माणसाने 'मुक्तस्रोत' साधनांविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण तेथे आमच्यासारख्यांचेही काम अडते, हेच तर सांगायचे आहे!

ज्या साधनाची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, ते मुक्तस्रोत. रंगकामासाठी क्रिता, छायाचित्रांसाठी गिंप, रेखाकृतींसाठी इंकस्केप, चलच्चित्रांसाठी ब्लेंडर. ही सारी विनामूल्य मिळतात. विनामूल्य म्हणून हलकी समजू नका. 'फ्लो' हा लॅटव्हियन चित्रपट ब्लेंडरवर तयार झाला आणि २०२५ साली त्याने ऑस्कर पटकावले.

हेच ब्लेंडर २००२ साली बुडण्याच्या बेतात होते. त्याचे जनक टॉन रोसेंडाल यांनी जगापुढे झोळी पसरली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि आज्ञावली सर्वांना खुली झाली. गल्लीतल्या गणपतीला वर्गणी देणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत परकी वाटू नये. देणाऱ्याला आज्ञावली लिहिता येते की नाही, हे कोणी विचारले नव्हते.

पण पैसा हा एकच मार्ग नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे दोष दाखवणे. डॉक्टरांना "बरे वाटत नाही" एवढेच सांगून भागत नाही, तसेच येथेही. आवृत्ती कोणती, काय दाबले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे क्रमाने लिहावे. तीच तक्रार आधी कोणी केली आहे का, हेही पाहावे.

यात मराठी माणसाचा खास अधिकार आहे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. एका रकाराच्या रूपाने सह्याद्री पाण्यात बुडतो! आपला 'ल' आणि 'श'ही हिंदीच्या वळणाहून निराळा. परदेशातल्या कुशल तंत्रज्ञाला हा फरक दिसणार कसा? तो आपणच दाखवला पाहिजे. नाही तर उद्या आपल्या मुलांच्या भित्तिपत्रकांवर चुकीची अक्षरे उमटतील, आणि पुढे तीच बरोबर वाटू लागतील. मला भीती वाटते ती याची.

तिसरे काम भाषांतराचे. 'लेयर'ला थर म्हणावे की पदर? 'ब्रश'ला कुंचला चालेल, पण तो बटणाच्या चिंचोळ्या जागेत मावेल का? एकदा ठरलेला शब्द सर्वत्र तोच ठेवावा लागतो. येथे पांडित्यापेक्षा बेताची जाण हवी. ज्या गृहिणीला रांगोळीचे नमुने संगणकावर काढता येतात, तिने आपली कृती पायरीपायरीने सोप्या मराठीत लिहिली, तरी ते मोठेच काम होईल.

क्रिताचे शुभंकर 'किकी' नावाची खार आहे. ती टायसन टॅन या चित्रकाराने रेखाटली. आपल्याकडे खारीचा वाटा म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांना जवळ घ्या, यांतले एखादे साधन उघडा आणि त्यात 'दऱ्या' लिहून पाहा. अक्षर चुकले, तर गप्प बसू नका!