पाण्यावरील वीजजोडणी

धक्क्याला बांधलेली नौका, तराफ्यावर बसविलेला पंप किंवा अशाच तरत्या साधनाला काठावरून केबलद्वारे विद्युत् पुरवठा करण्याची व्यवस्था. मोठी जहाजे बंदरात असताना स्वतःची डीझेल जनित्रे बंद ठेवून काठावरील वीज घेऊ शकतात. त्यासाठी ६·६ किंवा ११ किलोव्होल्ट दाब वापरतात. पुष्कळ जहाजांवरील यंत्रसामग्री ६० हर्ट्झची असल्याने भारतासारख्या ५० हर्ट्झच्या देशात कंप्रता बदलणारी यंत्रणाही लागते. लहान नौकेला २३० व्होल्टचा पुरवठा पुरतो.

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. परंतु उत्तर सीमेवरील गोदावरी, तिला मिळणारी सिंदफणा व तीवरील माजलगाव जलाशय, तसेच दक्षिणेकडील मांजरा जलाशय यांच्या काठी विजेचे पंप चालतात. उन्हाळ्यात पाणी ओसरते तसतसा पंप पुढे न्यावा लागतो, केबल लांबत जाते व तिला जोड पडत जातात. नौकेच्या जोडणीतील धोके येथेही असतात. देखरेख कमी असल्याने ते बहुधा अधिकच तीव्र होतात.

शरीरातून सु. १० मिलिअँपिअर प्रवाह गेला, की स्नायू आखडतात व धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाहाने हृदयाचे स्पंदन विस्कळित होऊ शकते. जमिनीवर निभावून जाणारा झटका पाण्यात प्राणघातक ठरतो, कारण हातपाय न हलवता आल्याने मनुष्य बुडतो. समुद्राचे खारे पाणी शरीरापेक्षा चांगले संवाहक असल्याने त्यात प्रवाह बराचसा शरीराला वळसा घालून जातो. नदी-तलावाच्या गोड्या पाण्याची संवाहकता शरीरापेक्षा कमी असते, म्हणून तेथे प्रवाह शरीराचा मार्ग धरतो. अशा मृत्यूत अंगावर भाजल्याची खूण बहुधा नसते आणि तो केवळ बुडून झाला असे समजले जाते.

या धोक्यावर भूसंपर्कन, म्हणजे व्यवहारातले अर्थिंग, हा पहिला उपाय होय. पंपाचे किंवा नौकेचे धातूचे कवच स्वतंत्र तारेने काठावरील भूसंपर्काशी जोडतात. मात्र एवढ्यावर विसंबणे चुकीचे आहे. ५ अश्वशक्तीच्या त्रिकला चलित्राला पूर्ण भारावर सु. ७·५ अँपिअर प्रवाह लागतो व सुरुवातीला तो कित्येक पट वाढतो, म्हणून वितळतार त्या मानाने जाड घालावी लागते. भूसंपर्काचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टची तार कवचाला टेकल्यावरही प्रवाह फार तर ११·५ अँपिअर वाहतो. वितळतार वितळत नाही आणि कवच ‘जिवंत’ राहते. गोदाकाठची काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते व पुरलेल्या सळईपासून सुटते. बालाघाटच्या पठारावर मातीचा थर पातळ व खाली खडक असतो. दोन्ही ठिकाणी कोरड्या दिवसांत रोध वाढतो. मीठ व कोळसा घातलेल्या खड्ड्यात पाणी ओतत राहिल्यास तो काहीसा कमी होतो. न्यूट्रल तारेऐवजी जमिनीत ठोकलेल्या सळईतून प्रवाह परत नेण्याची युक्ती तर त्या सळईभोवतीची जमीनच विद्युत् भारित करते.

यामुळे गळती-संरक्षक स्विच अनिवार्य ठरतो. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपिअर फरक पडताच तो ०·३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. वरील उदाहरणात रोध १,००० ओहम असला, तरी गळती २३० मिलिअँपिअर होते व स्विच उघडतो. जुन्या, जोड दिलेल्या केबलवर तो वारंवार उघडतो म्हणून काढून टाकला जातो. वस्तुतः तो तेव्हा केबलमधील दोषच दाखवीत असतो.

नौकेत आणखी एक अडचण येते. भूसंपर्काच्या तारेमुळे शेजारच्या नौकांची कवचे परस्परांना जोडली जातात व भिन्न धातूंमुळे एकीच्या कवचाचे क्षरण होते. ही तार कापणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यासाठी पृथक्कारी रोहित्र बसवितात. काठची वीज व नौकेवरील जनित्र एकाच वेळी जोडले जाऊ नये, म्हणून बदल-स्विच लागतो. काठावरील स्विच बंद ठेवून केबल प्रथम नौकेला, मग काठावरील खोबणीत जोडतात आणि शेवटी स्विच चालू करतात. सोडविताना क्रम उलटा असतो. पाण्याची पातळी बदलते म्हणून केबल सैल, पण जोड पाण्याबाहेर ठेवावे लागतात.

शेतीपंपांना वीज आळीपाळीने ठराविक तासच मिळत असल्यास स्टार्टरला स्वयंचलित स्विच जोडतात. वीज गेलेली पाहून फूटव्हॉल्व्ह साफ करण्यास पाण्यात उतरलेल्या माणसाच्या हाताखाली पंप अचानक सुरू होतो, तो याच स्विचमुळे. म्हणून उतरण्यापूर्वी मुख्य स्विच खाली ओढून त्याच्या वितळतारा काढून जवळ ठेवाव्या लागतात. कोणी पाण्यात आखडल्याचे दिसल्यास त्याच्यामागे उडी घेणारा दुसरा बळी ठरू शकतो. प्रथम काठावरचा पुरवठा तोडून मगच त्याला बाहेर ओढतात. तोवर दोर किंवा कोरडा बांबू काठावरूनच पुढे करतात.