कोरगुटच्या एका पोत्यातली अनेक भाते

पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल, दक्षिणेला शापोरा आणि डिचोलीच्या दक्षिणेला मांडवी. या नद्यांतून भरतीचे खारे पाणी खूप आतवर येते. बांध घालून आणि मानशीची दारे बसवून गोव्याच्या गावकऱ्यांनी ते शतकानुशतके अडवले आणि खाजन शेती उभी केली. तरी बांध फुटला किंवा पाऊस लांबला की मातीत मीठ चढते आणि इतर भात करपून जाते. त्या शेतात तग धरते ते कोरगुट: उंच वाढणारे, कुसळांचे, लाल तांदळाचे.

मीठ झाडाला मारते कसे? सोडियम पानांत साचले की पोटॅशियमच्या आधारे चालणारी पेशींची कामे बिघडतात. 2005 साली शास्त्रज्ञांनी बंगालकडच्या ‘नोना बोकरा’ या खारसहिष्णू भातात एक जनुक शोधले. त्यापासून बनणारे प्रथिन मुळांतून वर चढणाऱ्या रसातले सोडियम काढून घेते, त्यामुळे ते पानांपर्यंत कमी पोचते. जपानच्या ‘कोशिहिकारी’ भातातही हे प्रथिन आहे. फरक आहे फक्त चार अमिनो आम्लांचा. अर्थात खारसहिष्णुता एका जनुकावर ठरत नाही. अनेक जनुकांचा लहानमोठा वाटा एकत्र येतो, म्हणून झाडागणिक ती कमीजास्त दिसते.

तांदळाच्या रंगाचे गणित मात्र सोपे आहे. एका जनुकातली 14 अक्षरे गळाली आणि लाल तांदूळ पांढरा झाला. जगभरातल्या बहुतेक पांढऱ्या तांदळात हाच बदल सापडतो. रंग देणारे हे जनुक बियाण्याची सुप्तावस्थाही वाढवते. म्हणजे रंग निवडताना माणसाने नकळत रुजण्याचा स्वभावही निवडला.

शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले कोरगुट म्हणजे अनेक वाणांची एक वस्तीच असते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातून निवडक झाडांची संतती वेगळी वाढवली आणि ‘गोवा धान 1’ व ‘गोवा धान 2’ हे खारसहिष्णू वाण दिले. या पद्धतीला शुद्ध वंशनिवड म्हणतात. तिचा पाया डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी 1903 मध्ये घेवड्यावर घातला. मिश्र बियाण्यातून जड दाणे निवडले की पुढची पिढी जड होते. पण एकाच शुद्ध वंशातला जड दाणा पेरा की हलका, संततीचे सरासरी वजन तेच राहते. त्या वंशातला फरक माती-पाण्याने पडलेला असतो, तो वारशाने उतरत नाही. निवड चालते ती आनुवंशिक विविधता असेल तिथेच.

डोंगरउतारावरच्या काजूत ही विविधता नुसत्या डोळ्यांनी दिसते. बियांपासून वाढलेल्या झाडांत एकाचे बोंड लाल, शेजारचे पिवळे, बीही लहानमोठी. परपरागणामुळे दर बीमध्ये जनुकांची नवी जुळणी होते. कलमे बांधली की उत्तम झाड हुबेहूब मिळते, पण सारी बाग एकाच जातकुळीची होते आणि एकच कीड सगळीकडे पसरू शकते.

जनावरांतही तेच. गोव्याच्या ‘श्वेतकपिला’ या पांढऱ्या देशी गाईला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. दुधासाठी सर्रास जर्सी किंवा होल्स्टीनशी संकर होत गेला, तर देशी जनुके विरळ होतात. शुद्ध कळप लहान उरले की काही जनुकरूपे निव्वळ योगायोगानेही नाहीशी होतात. ती पुन्हा घडवता येत नाहीत.

समुद्राची पातळी वाढते आहे आणि खाजनांवरचा खार त्याबरोबर वाढणार. त्या वेळी लागणारा गुण आजच्या निवडक वाणात असेलच असे नाही. तो कुणाच्या तरी कणगीतल्या मिश्र बियाण्यात असू शकेल. शीतपेटीत बी जपले जाते, पण त्याची निवड थांबते. शेतात ती दर हंगामात सुरू राहते. म्हणून नवे वाण जरूर लावा, पण खाजनाचा एक तुकडा जुन्या कोरगुटसाठी राखा. आणि जो शेतकरी ते बी राखतो, त्याला त्याच्या तांदळाचा रास्त भाव द्या. विविधता टिकवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.