शासकीय कार्यपद्धती, विस्कळीत माहितीप्रणाली आणि पीककर्जमाफी : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञानामुळे प्रशासन गतिमान होते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात संगणकप्रणाली ज्या कार्यपद्धतीवर उभारली जाते, त्या पद्धतीचे दोषही तिच्यात उतरतात. महाराष्ट्र शासनाच्या 2017 व 2019 च्या पीककर्जमाफी योजना या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. बँका त्याच, सोसायट्या त्याच. अंमलबजावणी मात्र भिन्न.

कर्जाची मूळ नोंद :
खानदेशातील कापूस वा केळी उत्पादकाला सहकारी पीककर्ज प्रामुख्याने गावच्या विविध कार्यकारी सोसायटीमार्फत मिळते. जळगाव जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक किंवा धुळे व नंदुरबार जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक सोसायटीला कर्ज देते आणि सोसायटी सभासदाला. त्यामुळे सभासदाच्या येणेबाकीचा मूळ पुरावा सोसायटीच्या खतावणीत असतो. बँकांत कोअर बँकिंग आले, तरी असंख्य सोसायट्यांची खतावणी हस्तलिखितच राहिली. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन पाटील असले, तरी गटसचिव त्यांना चेहऱ्याने ओळखतो. संगणकाला ती सोय नाही.

2017 ची योजना :
छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचा शासन निर्णय 28 जून 2017 रोजी निघाला. दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकबाकीच्या माफीसाठी पती, पत्नी व अल्पवयीन अपत्ये असे कुटुंब हे एकक ठरविण्यात आले. दुहेरी लाभ टाळण्याचा हेतू रास्तच होता. तथापि बँकेची कोणतीही नोंद कुटुंबनिहाय नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी शेतकऱ्याकडून ऑनलाइन अर्ज मागविण्यात आले. निंदणी-फवारणीच्या दिवसांत पती-पत्नींना आधार प्रमाणीकरणासाठी केंद्रावर रांगेत उभे राहावे लागले. मुदत 15 सप्टेंबरवरून 22 सप्टेंबरपर्यंत वाढली. त्यानंतर गावोगावी चावडीवाचन झाले आणि बँकांकडून 66 रकान्यांच्या तक्त्यात माहिती मागविण्यात आली.

अर्ज, बँकेचा तक्ता, सोसायटीची खतावणी व आधार या चार नोंदी स्वतंत्रपणे तयार झालेल्या होत्या. त्या जुळविण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपविले गेले. 18 ऑक्टोबर 2017 रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रांचे वाटप झाले. परंतु लाभार्थ्यांची ‘हिरवी यादी’ सदोष ठरली. एकाच आधार क्रमांकावर अनेक खातेदार असल्याचे आढळले. अनिवार्य रकाना रिकामा ठेवता येत नसेल आणि माहिती हाताशी नसेल, तर लिपिक काहीतरी भरून मोकळा होतो. (महाविद्यालयीन प्राध्यापकांना विविध शासकीय तक्त्यांचा जो अनुभव आहे, तो याहून फार वेगळा नाही.) इकडे थकबाकी कायम असेपर्यंत नवे पीककर्ज मिळत नाही, बियाणे-खतांसाठी कृषी केंद्राची उधारी किंवा सावकार हेच पर्याय उरतात.

2019 ची योजना :
डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत हा क्रम उलटा करण्यात आला. अर्ज नाही; कुटुंबाची अट नाही. दोन लाखांपर्यंतच्या थकबाकीदारांची माहिती बँकांनी भरावी, विशिष्ट क्रमांकासह यादी प्रसिद्ध व्हावी आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य वा अमान्य असल्याचे सांगावे, एवढेच. पहिली यादी 24 फेब्रुवारी 2020 रोजी आली. पुढे टाळेबंदीमुळे प्रमाणीकरण रखडले, तो भाग वेगळा. येथील यश श्रेष्ठ यंत्रणेचे नव्हते. शासनाने स्वतःकडे नसलेल्या माहितीची अट काढून टाकली, हे त्याचे कारण. अर्थात एकाच घरातील दोन खातेदारांना लाभ मिळू शकला, ही त्याची किंमत होय. शिवाय ज्याचे नावच बँकेने पाठविले नाही, त्याच्या हाती दाखविण्यासाठी अर्जाची पोचदेखील नव्हती.

सोसायट्यांचे संगणकीकरण :
केंद्र शासनाने जून 2022 मध्ये देशातील 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. यात एकसमान सॉफ्टवेअर, संगणकसंच व प्रशिक्षण अंतर्भूत आहे. जुन्या खतावणीतील प्रत्येक सभासदाची प्रारंभिक शिल्लक तपासून संगणकात चढविणे हे त्यातील सर्वांत कष्टाचे काम आहे, आणि अनेक ठिकाणी एकेका गटसचिवाकडे एकाहून अधिक सोसायट्यांचा कार्यभार आहे.