टाकलेले जाते कोठे?

मागे आम्ही स्वयंपाकघराची दुरुस्ती काढली. फुटक्या फरश्या, विटांचे तुकडे, प्लास्टर असा टेंपोभर राडारोडा दाराशी साचला. टेंपोवाल्यास विचारले, "हे नेणार कोठे?" तो म्हणाला, "साहेब, भाडं द्या, पत्ता विचारू नका." नदीकाठी पडलेल्या ढिगांचा उगम आम्हाला तेव्हा उमगला. त्याला परत पाठवून, परवानगी काढून, आम्ही पुण्याच्या पूर्वेस उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारातला कचरा डेपो पाहून आलो.

वर्षानुवर्षे आपला सरमिसळ कचरा तेथे जाऊन पडला. विहिरींचे पाणी बिघडले म्हणून तेथील ग्रामस्थांनी कितीदा तरी गाड्या अडविल्या. असे का व्हावे? भाजीची देठे परसातल्या खड्ड्यात, हवा खेळती असली, तर खत होतात. तीच ढिगाखाली दडपली की हवेवाचून कुजतात आणि मिथेन वायू निर्माण होतो. हा वायू पेट घेतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना सारी घाण बरोबर घेऊन जमिनीत उतरते. दोष देठांचा नव्हे, सरमिसळीचा आहे.

राडारोड्याची गोष्ट निराळी. वीट कुजत नाही, पेटत नाही. डेपोत ती जागा अडविते, ओढ्यात पुराची वाट अडविते. मात्र दळून चाळली तर भरावाला किंवा फरसबंदीच्या ठोकळ्यांना उपयोगी पडते. म्हणूनच 2016 साली केंद्र सरकारने राडारोड्यासाठी स्वतंत्र नियम केले. तो घरच्या कचऱ्यात मिसळू नये, रस्त्यावर वा नाल्यात टाकू नये, नेमल्या जागी पोचवावा, हे त्यांचे सूत्र होते. डेपोवरच्या माणसानेही आम्हाला तेच बजावले: "तो इथं आणू नका."

आमचा राडारोडा अखेर नेमल्या केंद्रावर गेला. भाडे अधिक पडले, हे खरे. पण स्वस्त भाड्यात वाचलेले पैसे कोणीतरी भरतच असते. कधी नदी, कधी शेजारच्या गावची विहीर. तेव्हा घरात ओले, सुके आणि राडारोडा निराळे ठेवावे, आणि भाडे देण्याआधी पत्ता अवश्य विचारावा, एवढीच आमची विनंती.