मालगुडीतील संसार आणि त्यांचे वाचक

कादंबरी मिटून ठेवल्यावरही तिच्यातील माणसांवरून घरात वाद चालू राहावा, असे भाग्य फार थोड्या लेखकांच्या वाट्यास येते. आर. के. नारायण यांना ते लाभले. १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रसिद्ध झाली. तेव्हापासून १९९० सालच्या ‘द वर्ल्ड ऑफ नागराज’पर्यंत, आणि त्यानंतरही, मालगुडी नावाच्या एका कल्पित गावाची कथा ते सांगत राहिले. शरयू नदी, मेंपीच्या टेकड्या, मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, एल्लमन स्ट्रीट ही नावे कित्येक वाचकांना आपल्या आजोळच्या गल्ल्यांइतकी परिचयाची झाली आहेत. हे गाव म्हणजे लालगुडी की म्हैसूर, याचाही पुष्कळ खल झाला. तो विद्वानांकडे सोपवावा हे बरे. तुमच्या-आमच्यासारखा वाचक मालगुडीत जातो तो नकाशा तपासावयास नव्हे, तर तेथील घरांत डोकावावयास. आणि शेजारच्या घरात डोकावणाऱ्या कोणाही माणसाप्रमाणे तो आपले मत बनवूनच बाहेर पडतो.

या मालिकेचे पहिले वाचक ग्रॅहम ग्रीन. ‘स्वामी’चे हस्तलिखित एकामागून एक प्रकाशकांनी परत पाठविले, तेव्हा खचलेल्या नारायणांनी ऑक्सफर्डमधील आपल्या मित्रास ते दगड बांधून थेम्स नदीत बुडवावे असे कळविले होते. मित्राने ते ग्रीन यांस दाखविले, आणि ग्रीन यांनी त्यास प्रकाशक मिळवून दिला. तथापि आपल्याकडील कुटुंबांतून जे वाद होतात, त्यांची सुरुवात ‘स्वामी’पासून होत नाही. ती होते १९३८ साली आलेल्या ‘द डार्क रूम’पासून.

या कादंबरीतील सावित्री ही तीन मुलांची आई. नवरा रमणी एका विमा कंपनीच्या मालगुडी शाखेचा प्रमुख. भाजी मनासारखी झाली नाही की ताटावर बसून बोलणारा, आणि घरात पाऊल टाकताच मुलांना चिडीचूप करणारा. नवरात्रात बाहुल्यांची आरास मांडलेली असता मुलाच्या हातून घरातले दिवे जातात आणि रमणी त्याला मारतो. त्या दिवशी सावित्री कोठीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पडते. पुढे कचेरीत उमेदवारीवर आलेल्या शांताबाईच्या नादी तो लागतो. हे कळल्यावर सावित्री त्याला जाब विचारते आणि घर सोडते. अंगावरचे दागिने ती काढून ठेवते. मुलांना बरोबर नेण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे तिला उंबऱ्यावरच कळून चुकते. नदीत जीव द्यावयास गेलेल्या तिला मारी नावाचा, कुलुपे दुरुस्त करणारा आणि रात्री घरे फोडणारा एक माणूस वाचवितो. त्याची बायको पोन्नी तिला आपल्या गावी नेते. तेथील देवळात झाडलोटीचे काम तिला मिळते, ते करून आपल्या कमाईचे चार घास ती खाते, आणि मुलांच्या ओढीने थोड्याच दिवसांत परत घरी येते. रमणीत काही फरक पडलेला नाही. काही दिवसांनी रस्त्यावरून मारीची हाक ऐकू येते. त्याला बोलवावे, काही द्यावे, असे तिच्या मनात येते. पण या घरात आपले असे काय आहे, या विचाराने ती त्याला जाऊ देते.

वाचकहो, या शेवटावरून आम्ही जितकी निरनिराळी मते ऐकली आहेत, तितकी दुसऱ्या कोणत्याही मालगुडी-कथेवरून ऐकली नाहीत. वडीलधाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी म्हणतात की ती परत आली हेच योग्य. मुलांनी काय केले होते? तरुण मुली यावर संतापतात. परत यावयाचे होते तर गेली कशाला, असा त्यांचा प्रश्न. पुरुष वाचक बहुधा रमणीला दोन शब्द सुनावून विषय बदलतात. (यातही एक मत आहे, ते न बोलता दिलेले.) आणि नोकरी करणाऱ्या एखाद्या वाचिकेचे लक्ष भलतीकडेच जाते. देवळातले काम सावित्रीने सोडले त्यास केवळ मुलांची माया कारण नव्हती. पुजारी खाष्ट होता, राहावयास मिळालेली जागा काळोखी होती आणि रात्री भीती वाटत होती. घर सोडलेल्या बाईला उतरावयास सुरक्षित जागा कोणती, हा प्रश्न ही वाचिका विचारते. आमच्या मते कादंबरीचे मर्म तिला इतरांपेक्षा अधिक समजले आहे.

सावित्रीने निर्भय व्हावयास हवे होते, असे म्हणणाऱ्यांनी १९३८ हा आकडा नजरेआड करू नये. हिंदू विवाहितेला काही कारणांसाठी विभक्त राहून पोटगी मागता येईल असा कायदा झाला तो १९४६ साली. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, वारसा कायदा १९५६ चा. आणि नवऱ्याच्या घरात, ते त्याच्या नावावर असले तरी, राहण्याचा पत्नीचा हक्क स्पष्ट शब्दांत मांडला गेला तो २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात. नारायणांनी सावित्रीला उंबऱ्यावर उभे केले तेव्हा तिच्या पाठीशी यांतले काहीच नव्हते. आपल्या मुलींनी पुष्कळ शिकावे, लग्नावाचून त्यांचे अडू नये, असे तिच्या मनात येते, ते याच निराधार अवस्थेत. मात्र यावर तरुण वाचिकांचे उत्तर तयार असते: आता कायदे आहेत, शिक्षणही आहे, मग अंधाऱ्या खोल्या का उरल्या? या उत्तराला आमच्याजवळ प्रत्युत्तर नाही.

‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) विषयीचा मतभेद निराळ्या जातीचा आहे. कृष्णन् आणि सुशीला यांच्या संसाराचे चित्र सर्वांनाच आवडते. सुशीलेचा काटेकोर महिन्याचा हिशेब, नवऱ्याचे जुने कागद आणि वेळी-अवेळी वाजणारे घड्याळ परस्पर विकून टाकण्याचे तिचे धाडस, त्यावरून झालेले भांडण आणि अबोला, हे वाचताना प्रत्येक जोडपे एकमेकांकडे चोरून पाहते. मग सुशीला विषमज्वराने जाते, आणि पुढील अर्धे पुस्तक कृष्णन् मृत पत्नीशी माध्यमाद्वारे संवाद साधण्याच्या खटपटीत घालवितो. येथे वाचक दुभंगतात. पुष्कळ वाचक पूर्वार्ध आवडीने वाचतात आणि उत्तरार्धाने गोंधळतात, रागावतातसुद्धा, असे स्वतः नारायणांनीच ‘माय डेज’ (१९७४) या आत्मकथनात नमूद केले आहे. त्यांची पत्नी राजम् १९३९ साली विषमज्वरानेच गेली आणि कृष्णन्‌चा अनुभव हा लेखकाचा स्वतःचा अनुभव होता, हे कळल्यावर कित्येकांचा राग निवळतो. आमचा अनुभव असा की, ज्यांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला आहे त्यांनी या उत्तरार्धाविषयी कधी तक्रार केलेली नाही; ते त्याविषयी बोलतच नाहीत.

येथे अनुवादाचे काम करणाऱ्यांच्या एका अडचणीचा उल्लेख करावासा वाटतो, कारण वाचकांच्या मतांवर तिचा परिणाम होतो. इंग्रजीत नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला एकाच सर्वनामाने संबोधते. मराठीत तसे चालत नाही. सुशीला ‘अहो’ म्हणणार हे उघड आहे, आणि सावित्रीही. पण घर सोडण्याच्या रात्री, रमणीसमोर उभी राहून बोलताना, सावित्री त्याला ‘तुम्ही’च म्हणेल काय? एका शब्दाने तिचा संताप उणा किंवा दुणा होतो. इंग्रजीतील ‘आंट’पुढे मावशी, आत्या, काकू, मामी अशा चार जणी उभ्या राहतात आणि प्रत्येकीचा घरातला अधिकार निराळा असतो. मूळ पुस्तक वाचणारा आणि अनुवाद वाचणारा यांची मते जुळली नाहीत, तर दर वेळी दोष वाचकाचा नसतो.

ही अडचण सर्वांत अवघड होते ती ‘द पेंटर ऑफ साइन्स’ (१९७६) मध्ये. रामन् हा दुकानांच्या पाट्या रंगविणारा. डेझी ही कुटुंबनियोजन केंद्राची प्रमुख. खेडोपाडी भिंतींवर संदेश लिहिण्याच्या निमित्ताने दोघे एकत्र प्रवास करतात. भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू केला; त्याच्या प्रचारकांपैकी एखादी एका मोठ्या कादंबरीची नायिका व्हावी, ही गंमतीची गोष्ट आहे. डेझी भावंडांनी गजबजलेल्या एकत्र कुटुंबातून बाहेर पडलेली, स्वतःच्या कामाखेरीज दुसरे काही न मानणारी. लग्नास ती तयार होते ती अटी घालून: मूल नको, झालेच तर दुसऱ्यास द्यावयाचे, आणि कामात अडथळा आणावयाचा नाही. हे लग्न होणार म्हणताच रामन्‌ला लहानाचा मोठा करणारी म्हातारी घर सोडून काशीयात्रेस निघते. शेवटी डेझीही जाते, दूरच्या नव्या कामावर. रामन् एकटा उरतो. या दोघांनी एकमेकांस ‘अहो-जाहो’ करावे की ‘अरे-तुरे’, आणि बदल कोणत्या पानावर व्हावा, यावर अनुवादकांचा एखादा परिसंवादच भरविता येईल.

डेझीविषयी सौम्य मत असलेला वाचक आम्हांस भेटला नाही. कोणी तिला पाषाणहृदयी म्हणतो, कोणी तिच्यात सावित्रीच्या मुलींची वारस पाहतो. पण एका प्रसंगाविषयी मत काळाबरोबर पालटले आहे. प्रवासात बैलगाडीत रात्र काढावी लागते तेव्हा रामन् तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो आणि ती झाडावर चढून रात्र काढते. पूर्वी हा प्रसंग विनोदी म्हणून वाचला जाई. आजच्या तरुण वाचकांना तेथे हसू येत नाही, आणि पुढे ती त्याच्याशी लग्नाची गोष्ट तरी कशी करते, हे त्यांना उमगत नाही. या प्रसंगी लेखकाची नेहमीची हलकी लेखणी अपुरी पडली, असे आमचेही मत आहे.

‘द गाइड’ला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, इंग्रजी ग्रंथास मिळालेला तो पहिलाच. १९६५ च्या चित्रपटामुळे तिची कथा घरोघरी गेली. मात्र चित्रपट पाहिलेले आणि पुस्तक वाचलेले यांनी रोझीविषयी वाद घालू नये. ते दोन निराळ्या बायकांविषयी बोलत असतात. चित्रपटातील रोझी अखेरीस राजूपाशी येऊन पोहोचते. पुस्तकातील रोझी मद्रासला जाते, नृत्य करते, आपले आपण पाहते, आणि नवऱ्याकडेही जात नाही, राजूकडेही परतत नाही.

मालगुडीतील माणसे संकट येताच माघार घेतात, नशिबावर भार टाकून मोकळी होतात, अशी टीका व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७ साली ‘इंडिया : अ वुंडेड सिव्हिलायझेशन’मध्ये केली. ‘द व्हेंडर ऑफ स्वीट्स’मधील जगन् हा त्यांचा एक दाखला. अमेरिकेहून परतलेल्या मुलापुढे हात टेकून तो मिठाईचे दुकान सोडतो आणि वानप्रस्थास निघतो, हे खरे. पण निघताना तो चेकबुक बरोबर घेतो, आणि मुलाने अमेरिकेहून आणून वाऱ्यावर सोडलेल्या ग्रेसला मायदेशी जावयाचे असेल तर तिकिटाचे पैसे देण्याची तयारी ठेवतो. सगळ्यांकडून सुटका करून घेणारा माणूस परक्या सुनेच्या तिकिटाची आठवण ठेवील काय? मोठ्या टीकाकाराच्या नजरेतून सुटलेले हे तिकीट घर चालविणाऱ्या वाचकांना मात्र नेमके दिसते.

मुलांचा वाद निराळाच. १९८६ साली शंकर नाग यांनी आगुंबे येथे चित्रित केलेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हापासून स्वामी हा घरोघरच्या मुलांचा मित्र झाला. क्रिकेटचा सामना चुकल्यामुळे राजम्‌ने त्याच्याशी बोलणे सोडलेले असते. राजम्‌च्या वडिलांची बदली होते, गाडी सुटते, आणि स्वामीने आणलेले अँडरसनच्या परीकथांचे पुस्तक मणीच्या मदतीने कसेबसे राजम्‌च्या हाती पडते. तो काहीतरी बोलतो. गाडीच्या आवाजात ते ऐकू येत नाही. राजम् पत्र पाठवील ना, असे स्वामी विचारतो. पाठवील, मणी सांगतो. पण त्याच्याजवळ माझा पत्ता कुठे आहे? मणी म्हणतो, त्याने विचारला आणि मी दिला. स्वामी मणीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहतो, आणि त्याला काहीच वाचता येत नाही. राजम्‌चे पत्र आले की नाही, असे मुले अजूनही विचारतात. नारायणांनी ते पुढे कोठेही सांगितलेले नाही.