छायाचित्राची सत्यता आणि सर्जनशील दृष्टी : मराठवाड्यातील दुष्काळचित्रांच्या संदर्भात

छायाचित्र हा वास्तवाचा पुरावा मानला जातो. चित्रकार कल्पनेने रंगवतो, कॅमेरा मात्र समोर असेल तेच टिपतो, अशी त्यामागची धारणा आहे. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील दुष्काळाच्या छायाचित्रांच्या आधारे या धारणेची तपासणी केली आहे.

दुष्काळ म्हटला की भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर कपाळाला हात लावून बसलेला वृद्ध शेतकरी हे चित्र आता रूढ झाले आहे. नांदेड-लातूर परिसरातील शेतकऱ्याला त्या भेगांचे नवल वाटणार नाही. येथील काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती ओलाव्याने फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही चैत्र-वैशाखात तिला हातभर खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडून जमिनीची आपोआप उलथापालथ होते. उन्हाळ्यात रान तापलेलेच बरे, असे शेतकरी मानतो. म्हणजे छायाचित्रातील जमीन खरी, भेगही खरी. तिचा लावलेला अर्थ तेवढा चुकीचा.

या गफलतीची किंमत मोठी असू शकते. १९३६ मध्ये अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात आर्थर रॉथस्टीन या शासकीय छायाचित्रकाराने गुराची एक कवटी भेगाळलेल्या क्षारयुक्त जमिनीवर टिपली आणि थोड्या अंतरावर हलवून पुन्हा टिपली. निगेटिव्हमध्ये कोणताही फेरफार नव्हता. तरीही निवडणुकीच्या त्या वर्षी विरोधी वृत्तपत्रांनी बनावटपणाचा आरोप केला. अशी जमीन तेथे कोणत्याही वर्षी आढळते, हाही त्यांचा एक मुद्दा होता. दुष्काळ खराच होता, पण संशय मदतकार्यावर आला.

लातूरकरांनी २०१६ मध्ये जे सोसले ते भेगांत दिसण्यासारखे नव्हतेच. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणीभरणाच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात पोहोचली. या रेल्वेची छायाचित्रे सर्वत्र झळकली. परंतु टँकरच्या वेळेवर बेतलेली घरातली कामे, घागरींच्या रांगेत गेलेली बाईची दुपार, हे टिपण्यासाठी एका फेरीत भागत नाही. त्याच गल्लीत पुन्हा पुन्हा जावे लागते. तारीख आणि गल्लीचे नाव टाकलेले असे छायाचित्र पुढे इतिहासाच्या अभ्यासकाला साधन म्हणून वापरता येते. भेगाळलेल्या जमिनीखाली मात्र कोणतेही वर्ष लिहिले तरी चालते.

येथेच सत्यतेचा प्रश्न सर्जनशीलतेशी जोडला जातो. संपादकाला किंवा स्पर्धेच्या परीक्षकाला हवे असलेले चित्र छायाचित्रकाराच्या मनात आधीच तयार असते. तो केवळ त्याला साजेशी जागा शोधतो. पारितोषिक मिळते, पण पाहणे थांबते. (महाविद्यालयीन छायाचित्र स्पर्धांचे विषय ठरवतानाही हे ध्यानात घ्यायला हवे.) याउलट उदाहरण सुधारक ओलवे यांचे. मुंबईतील या वृत्तछायाचित्रकाराने महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन दीर्घकाळ चित्रित केले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा कॅमेरा कामगारासोबत गटाराशी आणि कचऱ्याच्या गाडीशी थांबला नाही; तो त्याच्या घरात, त्याच्या कुटुंबापर्यंत गेला.